तांबडा राम माझा होता

अहो, तुमचा तेरावा होऊन आज आठ दिवस झाले. दोन पंगती उठल्या. बुंदी केली होती. तुम्हाला ती कधीच आवडली नाही, म्हणून मुद्दाम केली. जाताना जो तो माझ्यापुढे येऊन हात जोडत होता आणि एकच बोलत होता, "देवमाणूस हो, वैनी! उभ्या जल्मात कुनाला वरच्या आवाजात बोलले न्हाईत." मी मान हलवत होते. हलवून हलवून मान अवघडली. शेवटी एका बाईला म्हणाले, "व्हय, न्हाई बोलले. तीच तर गोम हाय." तिला वाटलं, दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलंय. तिनं मला कवटाळलं आणि पाठीवरून हात फिरवत बसली. तिच्या खांद्याआड मी दात आवळून उभी होते.

राग आलाय मला. तुम्ही गेलात याचा नाही. पंचाहत्तरी उलटलेली माणसं जातात, मीही जाईन. तुम्ही माझ्याशी न भांडता गेलात याचा आलाय. पन्नास वर्षांच्या संसारात नवरा एकदाही रागावला नाही, याला लोक भाग्य म्हणतात. म्हणोत बापडे. ज्या एका दिवशी तुम्ही माझ्यावर रागवायला हवं होतं, त्या दिवशी तुम्ही मला पौडच्या एसटी स्टँडवर भजी खायला घातलीत, हे त्यांना कुठं माहीत आहे?

तर आता सगळं पहिल्यापासून ऐका. मध्येच उठून कुंचला धुवायला जायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

तुमच्या घरात मी आले ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी. माहेर भुकूमचं, पण मामाकडे पुण्यात राहून नववीपर्यंत शिकलेली, आणि चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास. बी ग्रेड. ते सर्टिफिकेट मी रुखवतात मांडलं होतं, करंज्या आणि लाडवांच्या मधोमध. आज ती पोरगी कुठं भेटली तर मी तिचा कान धरून तिला उन्हात उभी करीन. नवरा पेंटर आहे म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे मानेवर केस रुळणारा, खिडकीशी बसून विचार करणारा कुणीतरी आला होता. बघायला आलात तुम्ही. टाचांना चुन्याच्या भेगा, नखांत गेरू, आणि धुतलेल्या सदऱ्यावरही तीन गावच्या देवळांचे शिंतोडे. मला विचारलंत काय, तर "उंचावर चढायला भ्या वाटतं का?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलले. त्या वयात मी स्टुलावर चढले तरी गरगरायचं.

तुमच्या हाताखालून काय गेलं नाही? देवळात देव, लग्नघराच्या दारावर हत्ती आणि भालदार-चोपदार, शाळेच्या भिंतीवर नकाशा, वाण्याची पाटी, बैलगाडीच्या फळ्यांवर मोर. पुढे आणीबाणीत दोन वर्षं नुसते कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण. मुळशी खोऱ्यात एक भिंत सोडली नाहीत. आपल्या घरात पाळणा हलेना तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "हलंल कसा? सोताच्याच तिरकोनाचा गुन लागलाय त्याला!" तुम्ही ऐकलंत आणि कान लाल करून बाहेर गेलात. मी चुलीपुढे पदर तोंडात कोंबून हसत होते.

लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंनीच मला तुमच्याबरोबर कामाला धाडलं. "हितं बसून भाकरी जाळती, तितं निदान कागद तरी धरंल." कागद म्हणजे खाका. देवाचं चित्र आधी कागदावर काढायचं, रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडायची, तो कागद भिंतीवर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थापटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा देव. भिंतीला ताजा चुना लावलेला असायचा, आणि तो ओला आहे तोवरच रंग भरायचा, म्हणजे चुना वाळताना रंगाला धरून ठेवतो. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. बघून बघून कळलं. तुम्ही कामावर बोलायचाच नाहीत. सकाळी परांचीवर चढलात की जेवणवेळेपर्यंत तुमच्या तोंडून तीन शब्द: धर, सोड, पानी.

एक गोष्ट मात्र होती. देवाचे डोळे तुम्ही सगळ्यात शेवटी काढायचात, आणि काढून झाले की मला देवळाच्या उंबऱ्यावर उभं करून वरून विचारायचात, "बघतोय का?" मी डाव्या कोपऱ्यात जायची, उजव्या कोपऱ्यात जायची, खाली बसायची, पुन्हा उठायची. "बघतोय." मगच तुम्ही खाली उतरायचात. एकदा मी खोडी काढली, म्हटलं, "माझ्याकडं नाही, तुमच्याकडं बघतोय, रागानं." तुम्ही खरंच वळून बघितलंत.

रंग कालवायचं काम माझ्याकडे कधी आलं ते कळलंही नाही. एक दिवस तुम्ही पेटी माझ्याकडे सरकवलीत, एवढंच. गेरू, पिवडी, काजळी आणि नीळ. सरसाचं पाणी बेतानं घालायचं, गुठळी राहू द्यायची नाही. माझा हात त्यात बसला. सहा महिन्यांत वाटीत बघून मी सांगायची, हा वाळल्यावर कुठवर उतरेल. अहो, मला त्या वेळी असं वाटायला लागलं होतं की मीही पेंटर आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. बी ग्रेडच्या राणीला वाटलं, सांगायची गरजच काय, दिसतंयच की.

मग माले गावच्या रामाच्या देवळाचं काम आलं.

गाभाऱ्याच्या उजव्या हाताची अख्खी भिंत. राम, सीता, लक्ष्मण, पायाशी मारुती. रामनवमी दोन आठवड्यांवर. हे काम नजरेत भरलं तर पुढच्या मोठ्या देवळाचा सभामंडप तुम्हालाच मिळणार होता. पंच मंडळींनी तसं बोलूनही दाखवलं होतं. तुमचं जेवण कमी झालं होतं. आणि मला काय पडलं होतं? मला तुमच्या निळीची लाज वाटत होती. कपड्यांना देतात तसली ती नीळ. तुमचा प्रत्येक राम मला धुण्यातून पिळून काढल्यासारखा दिसायचा. मी पुण्यात शिकलेली, मी छापील कॅलेंडरवरचे देव बघितलेले!

मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला पुण्याला गेले तेव्हा रविवार पेठेत रंगाच्या दुकानात शिरले. विलायती निळा मागितला. दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "बाई, कशावर लावायचाय? कागदावर की भिंतीवर?" आणि मी, एकोणीस वर्षांची, नाक वर करून म्हणाले, "आम्ही पेंटर आहोत." त्या बिचाऱ्यानं पुडी माझ्यापुढे सरकवली. त्या दुकानात जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं मला पुढं कितीदा तरी वाटलं.

तुम्ही देवळाच्या भिकू गुरवाकडे चहाला गेलात तेव्हा मी तुमची नीळ बाजूला सारली आणि ती पुडी फोडली. काय रंग होता तो! मोराच्या मानेचा. तुम्ही आलात, परांचीवर चढलात, वाटीत कुंचला बुडवून रामाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत एक हात ओढलात आणि थांबलात. ओल्या चुन्यावर सगळेच रंग गडद दिसतात, आणि वाटीत काय आहे हे तपासायची तुम्हाला सवय राहिली नव्हती, कारण वाटी माझ्या हातची होती. तुम्ही म्हणालात, "आज रंग लई खुललाय."

पन्नास वर्षांत माझ्या कामाचं तुम्ही केलेलं कौतुक ते एवढंच. तेही नेमकं त्या रंगाचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकू गुरव सायकल हाणत पौडला आपल्या दारात आला. धापा टाकत म्हणाला, "पेंटर, चला बिगीनं. राम तांबडा पडलाय."

सासूबाई म्हणाल्या, "तांबडा पडलाय म्हंजी?"

"म्हंजी राम कोन आन् मारुती कोन, वळकू यीना, आक्का!"

गेलो. देवळात निम्मं गाव. लक्ष्मण गोरापान, सीता जिथल्या तिथं, आणि मध्ये तुमचा राम, मुकुटाखालपासून पायाच्या नखापर्यंत, पावसात गंजलेल्या पत्र्यासारखा. कुठं तांबूस, कुठं पिवळट, कुठं निळ्याचा एखादा ओघळ राहिलेला. एक बारकी पोर हसली, तिच्या आईनं तिला चापट मारली. कुणी म्हणालं कोप, कुणी म्हणालं नजर. मग पाटलाच्या म्हाताऱ्या आईनं काठी माझ्याकडे केली.

"पेंटर, ही पोर तुमच्यासंगं भितीला शिवत व्हती न्हवं? चार दिस बाजूला बसत व्हती का न्हाई, इचारलं का कुनी?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. कुणीतरी बाई बोलली, "वरीस बी न्हाई झालं घरात येऊन. पायगुन बगा."

मला सगळं कळत होतं. कोप नाही, पायगुण नाही, पुडी. एक वाक्य बोलायचं होतं: रंग मी बदलला. आम्ही पेंटर आहोत म्हणणाऱ्या बाईची जीभ टाळ्याला चिकटून बसली. उभी होते नुसती, हातात पदराचा शेव पिळत.

तुम्ही त्या भिंतीपाशी गेलात. रामाच्या दंडावरून बोट फिरवलंत, ते नाकाशी नेलंत, आणि वळून फक्त एकदा माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला कळलं. त्या क्षणीच कळलं. मग पाटलाच्या आईला म्हणालात, "आज्जी, रंग मी कालवला. हिनं नुसता कागद धरला. चूक माझी हाय. नवमीच्या आदी दुसरा काडतो."

"तुमाला एवढ्या वर्सांत कदी चुकलं न्हाई ते?"

"आज चुकलं," तुम्ही म्हणालात.

हे मी विसरलेले नाही. त्या दिवशी तुम्ही ते वाक्य बोलला नसतात तर मालेच्या बायकांनी मला जन्मभर पांढऱ्या पायाची ठरवलं असतं, आणि सासूबाईंचं मन किती दिवस माझ्या बाजूनं राहिलं असतं देव जाणे. तुम्ही मला वाचवलंत. त्याचे उपकार आहेत, आणि ते मी मानते. हे एकदा स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

तुम्ही तो राम खरवडून काढलात. मला म्हणालात, "तू खाली बस." मी दीपमाळेपाशी बसून बघत होते. तांबडी भुकटी तुमच्या पापण्यांवर बसत होती. नवा चुना, नवा खाका, आणि निळीचा राम. कागद धरायला भिकू गुरव उभा राहिला. डोळे काढून झाल्यावर तुम्ही मला उंबऱ्यावर बोलावलं नाहीत. त्यालाच विचारलंत, "बघतोय का?"

परतीच्या वाटेवर मी वाट बघत होते. एसटीत वाटलं, आता बोलतील. पौडला उतरलो, वाटलं आता. एक शिवी. "अगं अवदसे" एवढं तरी. मी मनात उत्तरं तयार करून ठेवली होती, रडायचं कुठं तेही ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, "भूक लागली आसंल," आणि कांद्याची भजी आणून माझ्यापुढे ठेवलीत. मी खाल्ली. तोंड भाजेपर्यंत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या पेटीला कुलूप होतं. पितळी, बोटाएवढं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पोरंटोरं सांडत्यात."

"कुणाची पोरं? आपल्याला कुठंयत?"

तुम्ही किल्ली जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधलीत आणि म्हणालात, "तू आता किनार बघ. किनारीला तुजा हात चांगला हाय."

किनार! वेल, पान, कमळ, कैरी. पान, कमळ, कैरी, वेल. दहा-अकरा वर्षं मी देवांच्या कडेकडेनं फिरले. तुम्ही रंग कालवून, गाळून, वाटीत घालून माझ्यापुढे ठेवायचात. तांबडा, हिरवा, पिवळा. निळा कधीच नाही. कमळं सगळी तांबडी. कुणी विचारलं, पेंटर, निळं कमळ का न्हाई काडत, तर तुम्ही म्हणायचात, "आमच्याकडं तांबडंच आसतं." लोकांना ती तुमची शैली वाटायची!

तुमचंही नुकसान झालं, माहीत आहे मला. तो सभामंडप पुण्याच्या पेंटरला गेला. बाजारात तुमचं नाव तांबड्या रामाचा पेंटर असं पडलं. कुणी हाक मारली तर तुम्ही हसायचात. त्या हसण्यावर लोक भुलले. मी मात्र प्रत्येक वेळी मनात म्हणायची, अरे, माझा आहे तो राम, त्यांना कशाला हसता?

आणि तो तांबडा का पडला, हे मला कुणी सांगितलं? तुम्ही नाही. सहा-सात वर्षांनी माहेरी, भुकूमला, भाऊ घर बांधत होता. चुना मळणारा गवंडी सहज बोलून गेला, "वैनी, चुन्यावर त्यो इलायती निळा टिकत न्हाई. चुना खातो त्याला. आमच्यात शेंबड्या पोराला बी ठावं हाय." एवढंच होतं ते. एक वाक्य. सात वर्षं मी मनात धरून होते की माझ्या हातात काही खोट असेल. पाटलाच्या आईचं ते चार दिवसांचं बोलणंही, शिकलेली असून, मी आतल्या आत मोजून पाहिलं होतं. तुम्हाला कल्पना आहे?

एसटीत जागा असून मी पौडपर्यंत उभी राहिले. घरात शिरले ती चपला न काढता.

"चुना निळा खातो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय व्हनार व्हतं? झालं ते झालं." आणि तुम्ही कुंचला धुवायला मागच्या दारी गेलात.

सांगून काय होणार होतं! मी शिकले असते, हे झालं असतं. पुन्हा चुकले नसते, हे झालं असतं. भरवशाची नाही असं वाटत होतं तर तसं तोंडावर सांगायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, आणि मग वाटी परत मागितली असती. तुम्ही मागायला जागाच ठेवली नाहीत. जो रागावलेलाच नाही त्याची माफी कशी मागायची? जे कुलूप पोराटोरांसाठी आहे ते माझ्यासाठी उघडा असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? गावापुढे तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत, आणि घरात तिची शिक्षा मला दिलीत, तीही मऊ आवाजात. अहो, एवढा धूर्तपणा तुमच्यासारख्या साध्या माणसाला सुचला कसा? की तुम्हालाच कळलं नाही तुम्ही काय करताय ते? हेच मला पन्नास वर्षं विचारायचं होतं.

तुम्हाला चिडवायला मी काय केलं नाही? तुमच्या चहात मीठ घातलं. तुम्ही प्यालात. वाण्याच्या पाटीवर मुद्दाम अक्षर खाल्लं. तुम्ही गुपचूप भरलंत. एका देवळात रावणाच्या दहा तोंडांतली कडेची चार रंगवायला माझ्याकडे आली, कारण ती किनारीत जात होती; त्यांतल्या एकाला मी पाटलाच्या मिशा काढल्या आणि चामखीळसुद्धा. तुम्ही खालून बघितलंत. मी म्हटलं, आज तरी. तुम्ही वाशाला धरून असे हसलात की परांची हलायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तुमच्या. म्हणालात, "ऱ्हाऊ दे. शोभतोय." राहू दिलंत. उद्घाटनाला पाटील त्याच भिंतीखाली बसला होता आणि तुम्ही माझ्याकडे न बघता गाल चावत उभे होतात.

हेच तर अवघड झालं ना माझं. नुसते कठोर असतात तर मी कधीच माहेरी जाऊन बसले असते. भिंतीची सावलीची बाजू तुम्ही मला द्यायचात आणि उन्हात स्वतः उभे राहायचात. माझ्या टाचांना चुन्याच्या भेगा पडायला लागल्या तेव्हा रोज संध्याकाळी पाटावर बसवून कोमट खोबरेल तुम्ही स्वतः चोळायचात, सासूबाईंच्या देखत, त्या काळात. त्या बोलल्या तर म्हणालात, "कामाचे पाय हायेत, आये." कामाचे पाय म्हणालात. हात मात्र किनारीचे.

पुढे काम बदललं. देवळांना ऑइलपेंट आला, मग फरशा आल्या, मग पत्र्यावरच्या पाट्याही शहरातून तयार होऊन यायला लागल्या. सतीश झाला, शाळेत जायला लागला. तुम्ही चुन्याची कामं सोडलीत. कुलूप कधी निघालं ते मला कळलंच नाही. एक दिवस खिळा हवा म्हणून पेटी उघडली तर ती उघडीच होती. आत खिळे, सुतळीचे तुकडे आणि सायकलचा जुना वॉल्व्ह. राखण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा राखण उठली. मी त्या पेटीवर लाथ मारली. पाय माझाच सुजला. तुम्ही हळद लावलीत आणि कशानं लागलं विचारलंही नाहीत.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरुणावर होतात. शुद्ध चांगली होती. सकाळी तुम्ही सतीशला भिंतीच्या ओलीबद्दल चार गोष्टी सांगितल्या होत्यात. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "अहो, त्या मालेच्या रामाचं," मी म्हणाले, "तुम्ही तेव्हा माझ्यावर रागावला होतात ना? आता तरी सांगा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "कुटला राम?"

विसरला होतात? की अजूनही मला वाचवत होतात? की तेही एक कुलूपच? मी तुमची चादर सारखी केली आणि बाहेर जाऊन अंगणातलं तुळशीचं रोप उगाचच उपटून पुन्हा लावलं.

आता तेराव्याचं. भिकू गुरवाचा दत्तू आला होता. त्या वेळी दहा-बारा वर्षांचा होता, आता त्याचेही दात गेलेत. मालेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. बाकीच्या भिंती पाडणार, तुमच्या रामाची तेवढी ठेवणार. तो अजून निळा आहे, अहो. पंगतीत बसून दत्तूनं गोष्ट सांगितली, राम तांबडा कसा पडला, गाव कसं खवळलं, आणि पेंटरनं कसं सगळ्यांपुढं सांगितलं की चूक माझी. "एवड्या मोट्या मनाचा मानूस आमी तरी न्हाई बगितला," तो म्हणाला. भिंतीखाली संगमरवरी पाटी बसवायची, तुमच्या नावाची, आणि तिच्यावरचा पडदा माझ्या हातून काढायचा, असं ठरवून आलाय.

मी वाढता वाढता थांबले. हातात बुंदीचं पातेलं होतं. म्हटलं, "दत्तू, चूक त्यांची नव्हती. रंग मी बदलला होता. त्यांना न सांगता."

पंगतीतले हात पानातच थांबले. मला वाटलं, झालं, सुटले. मग दत्तूच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. "बगा," ती म्हणाली, "मेल्याव बी नवऱ्याची चूक आंगाव घेती. असं जोडपं व्हनार न्हाई."

"अगं, खरंच सांगतेय! पुडी आणली होती मी पुण्याहून!"

"व्हय काकू, व्हय," दत्तू लहान पोराला समजवावं तसं म्हणाला. "तुमी बसा. दमलाय."

सतीशनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "आई, पुरे आता."

बघितलंत? तुमचं मोठं मन आणखी एका बोटानं वाढलं, आणि माझी चूक मलाच मिळेना. आयुष्यात स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या हातानं एकच गोष्ट मी त्या भिंतीवर केली. ती वाईट झाली, पण ती मी केली होती. तीही तुमच्याच नावावर.

पाटीवरच्या मजकुराचा कागद दत्तूनं माझ्या सहीसाठी ठेवलाय. घरच्यांची सही झाल्याशिवाय दगडावर अक्षर कोरायचं नाही असं त्यांच्या मंडळाचं म्हणणं. मी त्याच्या खाली एक ओळ घातलीय: या भिंतीवर आधी एक राम होता, तो तांबडा पडला, कारण पेंटरची बायको सुमन हिनं त्यात चुन्याला न चालणारा रंग घातला. दत्तूला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, "काकू, असं कुटं देवळात लिवत्यात व्हय? लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत, तेव्हाही एक पोर हसलीच होती. सतीश म्हणतो, "आई, बाबांचं नाव होतंय, त्यात तुझं काय मध्येच?" दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. बोलत नाही, पण दार आपटतो. तुमच्यावर गेला नाही, बरं झालं.

ती ओळ राहिली तर सही, नाहीतर नाही. दगड आलाय म्हणे, कोरा, देवळाच्या पायरीला टेकून ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दत्तू सांगत असतो, पेंटरच्या नावाचा हाय, म्हातारी आडून बसलीय. मी बसलेच आहे. तुमचं नाव, तुम्ही केलेल्या भिंतीखालचं, माझ्यामुळे अडलंय. माझ्यामुळे, ऐकताय ना? कुणाच्या पायगुणानं नाही, कुठल्या पोराटोरांनी सांडलं म्हणून नाही. सुमननं केलंय, जाणूनबुजून, तुम्हाला न विचारता, दुसऱ्यांदा.

आता तरी रागवा.